नाव आहे, दिसत नाही

माझी थोरली बहीण इंदापूर तालुक्यातल्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाली, तेव्हा गावाने तिचा रीतसर निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ, साडी, भिंतीवरचे घड्याळ हे सगळे नेहमीप्रमाणे झाले. एक भेट मात्र नेहमीची नव्हती. शाळेची जुनी इमारत पाडली गेली, तेव्हा तिच्या सागवानी दरवाजाची चौकट एका माजी विद्यार्थ्याने उचलून घरी नेऊन ठेवली होती. हा विद्यार्थी पुढे लेथवर काम करू लागला. त्या चौकटीच्या हातभर तुकड्यातून त्याने बाईंसाठी शाईचे एक पेन स्वतःच्या हाताने कातून काढले. ज्या दरवाजातून ताई तीस वर्षांहून अधिक काळ आत-बाहेर करत होती, तो दरवाजा तिच्या हातात आला. पेनावर तिचे नाव, शाळेचे गाव आणि निवृत्तीचे साल लेसरने कोरून घेतलेले. अक्षरांत सोनेरी रंग. समारंभात ते पेन हातोहात फिरले आणि ताईच्या डोळ्यांत पाणी आले, ते त्या पेनामुळेच.

दिवाळीला मी तिच्याकडे गेलो, तेव्हा पेन तिच्या टेबलावर होते. ती त्याच पेनाने रोज लिहिते. पण सोनेरी अक्षरे गेलेली. आधी आडनावावरचा अनुस्वार गेला, मग वेलांट्या गेल्या, मग सगळाच रंग बोटांना लागून निघून गेला. खाली राहिल्या त्या लाकडाच्या रेषांत मिसळून गेलेल्या तपकिरी, जळकट खुणा. बोटाला खोबरेल तेल लावून ती त्या खुणांवरून फिरवायची, म्हणजे घटकाभर अक्षरे उठून दिसायची.

मी हळहळलो, तर तीच मला समजावू लागली. "नाव आहे रे. दिसत नाही एवढंच."

तिच्या या वाक्याने मला कामाला लावले. पेन खिशात घालून मी बारामतीला गेलो, चार दुकाने पालथी घातली, दोन जुन्या कारागिरांपाशी बसलो. त्यातून माझे एक मत तयार झाले आणि ते मांडण्यासाठीच हा लेख. कोरणे झाले म्हणजे काम झाले, असे आपण मानू लागलो आहोत. यंत्राने कोरले ते अर्धेच काम. त्यानंतरचे साफ करणे, भरणे, घासणे आणि झळाळी आणणे हे उरलेले अर्धे काम माणसाच्या हातांनी करायचे असते. ते अर्धे काम आपण सोडून दिले आहे, आणि त्याचा दोष एकट्या दुकानदाराचा नाही.

किरण बारामतीचाच

ज्या दुकानात ताईच्या पेनावर नाव कोरले गेले, तिथला तरुण सौजन्याने बोलला. कपाटाएवढ्या पेटीत काचेची एक लांब नळी दाखवून म्हणाला, "ही कार्बन डायऑक्साइडची ट्यूब. लाकूड, चामडं, अ‍ॅक्रिलिक, सगळं हिच्यावर होतं."

मी त्याला विचारले, "हा लेसर कोणी शोधला, ठाऊक आहे?"

"चीनमधून येतो साहेब."

यंत्र चीनमधून येत असेल, पण त्यातल्या किरणाचा जनक जन्मला बारामतीत. चंद्रकुमार नारणभाई पटेल, जगाच्या विज्ञानात सी. कुमार एन. पटेल म्हणून ओळखले जाणारे शास्त्रज्ञ, यांचा जन्म २ जुलै १९३८ रोजी बारामतीत झाला. पुण्याच्या इंजिनीअरिंग कॉलेजातून ते १९५८ साली पदवीधर झाले, अमेरिकेत स्टॅनफर्डला गेले, १९६१ साली डॉक्टरेट घेऊन बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. जगातला पहिला लेसर त्याच्या आदल्याच वर्षी, १९६० साली, थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून प्रकट केला होता. तो क्षणभर चमकून विझणारा होता. पटेल यांनी वायूंकडे मोर्चा वळवला, आणि १९६३-६४च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड वायूपासून अखंड वाहणारा लेसर मिळवला. गंमत अशी, की पहिल्या प्रयोगात निघालेला किरण अगदीच दुबळा होता. त्यांनी त्या वायूला नायट्रोजनची जोड दिली. नायट्रोजनचे रेणू आपली ऊर्जा कार्बन डायऑक्साइडच्या रेणूंना देऊ लागले आणि किरणाचे बळ कित्येक पटींनी वाढले. पुढे हेलियमही मिसळला गेला. आज शस्त्रक्रियेपासून पोलादाचे पत्रे कापण्यापर्यंत हा लेसर पोहोचला आहे. अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक पटेल यांना १९९६ साली मिळाले.

हे सारे सांगितल्यावर तो तरुण थक्क झाला. "आपल्या बारामतीचे?" असे त्याने दोनदा विचारले. तो रोज त्या किरणाने लोकांची नावे कोरतो, पण त्या किरणाच्या जनकाचे नाव त्याने ऐकले नव्हते. याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही, मलाही ते फार उशिरा कळले. तरी ताईचे वाक्य पुन्हा आठवले. नाव आहे, दिसत नाही.

तसा लेखणीशी बारामतीचा संबंध जुनाच. कऱ्हाकाठच्या या गावी बाबूजी नाईकांच्या आश्रयाने मोरोपंत राहिले आणि १७९४ साली जग सोडेपर्यंत लिहीतच राहिले. आर्यांचे ते डोंगर त्यांनी उभे केले, ते बोरूने. बोरू घरी तासायचा, बोथट झाला की पुन्हा तासायचा. त्याच्यावर नाव घालण्याचा प्रश्नच नव्हता. पेनावर नाव आले ते पेन ही जपून ठेवण्याची वस्तू झाल्यावर. गांधीजींनी स्वदेशीचा आग्रह धरला, त्या काळात राजमहेंद्रीच्या रत्नम् यांनी हाताने पेन घडवले. ते वर्ध्याच्या ग्रामोद्योग संघाच्या कुमारप्पांमार्फत गांधीजींपर्यंत पोहोचले, आणि १९३५ साली त्यांनी पत्र लिहून त्याचे कौतुक केले. अशी पेने एबोनाइटच्या, म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या कांडीतून लेथवर कातली जात. आजही भारतात ती तशीच कातली जातात.

आणि लेथ म्हणाल, तर तो इंदापूर तालुक्याच्या रक्तातच आहे. नीरेच्या डाव्या कालव्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात पाणी खेळवले, मागोमाग ऊस आला. १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या माळावर साखर कारखाना काढला, त्याचे वालचंदनगर झाले. कारखान्याची यंत्रे दुरुस्त करता करता तिथे यंत्रे बनू लागली, आणि पुढे भारताच्या अग्निबाणांच्या मोटरींची आवरणेही तिथे तयार झाली. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर नजर ठेवणारे टर्नर आणि फिटर या परिसरात पिढ्यान्पिढ्या घडले. ताईचा तो विद्यार्थीही अशाच एका जुन्या टर्नरच्या हाताखाली शिकला. त्याच्या पेनाची कातणी मी भिंगातून पाहिली. टोपणाचे आटे अडीच फेऱ्यांत गच्च बसतात, कुठे फट नाही. दोष पेनात नव्हता. बिघडले ते त्यानंतर.

भांड्यावरचे नाव का टिकले?

आपल्या घरात जुनी तांब्या-पितळेची भांडी असतील तर एकदा बाहेर काढून पाहावीत. आजीच्या माहेरचे नाव, लग्नाची तिथी, 'सप्रेम भेट' आणि बहुधा एखादी ऱ्हस्व-दीर्घाची चूक. बाजाराच्या दिवशी भांड्यांच्या दुकानाबाहेर पोते अंथरून बसलेला नाव घालणारा बारीक छिन्नी आणि हातोडीने टिकल्या-टिकल्यांनी ही अक्षरे उठवायचा. पुढे स्टीलची भांडी आली तसे त्याच्या हाती थरथरणारे विजेचे पेन आले. ती नावे साठ-सत्तर वर्षे वाचता येतात. का?

बारामतीच्या बाजारात ज्यांचे आयुष्य हे काम करण्यात गेले, अशा एका वृद्ध कारागिराने मला याचे उत्तर दिले. ते म्हणाले, "पितळेवर रंग भरावा लागत नाही. वापरात तो आपोआप भरतो. चिंचेनं घासलं की वरचं पितळ उजळतं, खाचेतला काळपणा तसाच राहतो. भांडं जेवढं घासाल तेवढं नाव ठळक."

किती साधी गोष्ट! तिथे खाच आणि पाठ यांचे रंग आपोआप वेगळे होतात. लाकडाचे उलट असते. हाताचा घाम आणि तेल जिरून लाकूड काळवंडते आणि जळलेली खाचही काळीच. दोन्ही एका रंगाची झाली, की नाव बुडाले. म्हणून लाकडी पेनावर भरणे हा शोभेचा भाग नाही, ती गरज आहे. देवळातल्या संगमरवरी पाट्या पाहा. देणगीदारांच्या नावांतला काळा रंग उडाला, तरी गुरव किंवा पेंटर पुन्हा भरू शकतो, कारण अक्षराला खोली आहे. सीमेपलीकडच्या बीदरमध्ये काळ्या धातूत चांदीची तार बसवतात, तीही आधी खाच नीट कोरून, मग ठोकून. भरलेले टिकते ते खाचेच्या जिवावर.

ताईच्या पेनाचे काय चुकले

आता पेनाकडे येऊ. त्या वृद्ध कारागिराने आणि लाकडावर पॉलिश करणाऱ्या त्यांच्या एका मित्राने भिंग लावून पेन तपासले आणि रोग्याची नाडी पाहून वैद्याने सांगावे तसे एकेक सांगितले.

पहिले, खोली कमी. लेसर लाकूड कापत नाही, तो ते जाळून वाफ करतो. वेग वाढवला की काम लवकर होते, पण खाच उथळ राहते. या पेनावरची खाच वहीच्या एका कागदाच्या जाडीएवढीही नव्हती. रंग धरून ठेवायला दोन-तीन कागदांची तरी जाडी हवी, म्हणजे ०.२ ते ०.३ मिलिमीटर. फार खोल जाण्यातही शहाणपण नाही. मग अक्षरांच्या कडा जळतात आणि बारीक गाठी कोळसा होऊन गळून पडतात.

दुसरे, खाच साफ केलीच नव्हती. जळलेल्या लाकडाची काजळी तळाशी तशीच होती. रंग बसला तो काजळीवर, लाकडावर नाही. काजळी सुटली की रंगही सुटला. खरे तर कोरण्याआधी पेनावर कागदी चिकटपट्टी लावायची असते, म्हणजे धुराचे डाग आजूबाजूला पडत नाहीत. कोरून झाल्यावर मऊ ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून खाच झाडून काढायची असते. दोन मिनिटांचे काम.

तिसरे, आणि सगळ्यांत महत्त्वाचे. सागाची नस उघडी असते. तिच्यात बारीक नळ्या असतात. त्यांत पातळ रंग सोडला, तर टीपकागदावर शाई पसरावी तसा तो अक्षराबाहेर पसरतो. त्याआधी खाचेला चपडीचा एक पातळ हात द्यावा लागतो. चपडी म्हणजे आपली लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ती वाळली की नळ्यांची तोंडे बंद होतात. शिवाय साग जात्याच तेलकट. म्हणून तर तो पाण्यात कुजत नाही आणि म्हणूनच त्याच्यावर रंग-रोगण सहज चिकटत नाही. आधी तेल पुसून घ्यावे लागते.

चौथे, भरल्यावर पुसायची घाई. दुकानात रंग ओला असतानाच थिनरच्या बोळ्याने पुसला होता. मऊ बोळा खाचेत शिरतो आणि आतला रंगही उचलतो. थिनरने पेनावरचे मूळचे लाखरोगणही जागोजागी मऊ झाले होते. खरी रीत अशी, की रंग खाचेच्या वर थोडा फुगेल इतका भरावा, रात्रभर वाळू द्यावा आणि दुसऱ्या दिवशी कडक सपाट ठोकळ्यावर बारीक पॉलिशपेपर गुंडाळून अलगद पाठीबरोबर आणावा. ठोकळा खाचेत शिरत नाही, फक्त वर आलेले काढतो.

पाचवे, वरून संरक्षण काहीच नव्हते. भरलेल्या अक्षरावर पारदर्शक रोगणाचे पातळ थर द्यायचे, ते घासत न्यायचे, म्हणजे बोट रंगाला लागतच नाही, रोगणाला लागते. हाती पेन कातणारे बरेच कारागीर त्यासाठी आपल्या घरातले ते क्षणात चिकटणारे पातळ गोंद वापरतात. त्याचे सात-आठ थर चढवून पाण्याबरोबर घासले, की काचेसारखी झळाळी येते.

प्रत्येक पेनाला हेच औषध चालत नाही, हेही त्यांनी बजावले. अ‍ॅक्रिलिकच्या पेनाला स्पिरिट लावले तर लेसरच्या आचेने ताणलेल्या कडांना बारीक तडे जातात. तिथे साबणाचे कोमट पाणीच बरे. एबोनाइटवर खाच नीट येते, पण गंधकाचा उग्र धूर निघतो. धातूच्या पेनाला ही काचेची नळी चालत नाही. त्यासाठी वेगळ्या जातीचा, फायबरचा लेसर लागतो, आणि स्टीलवर त्याने उठवलेली काळी खूण न भरताही वर्षानुवर्षे राहते. वस्तू बघून रीत ठरवायची. आपल्याकडे उलटे होते. एकच रीत असते, वस्तू कोणतीही येवो.

मराठी अक्षराचे हाल

यात एक खास आपले दुखणे आहे. रोमन अक्षरे पेनावर त्या मानाने सरळ बसतात. देवनागरीला शिरोरेषा आहे, वर रफार, मात्रा आणि अनुस्वार, खाली उकार आणि रुकार. पेनाची गोलाई तेरा-चौदा मिलिमीटरची. तिच्यावर चार मिलिमीटर उंचीचे अक्षर घातले, तर अनुस्वाराचा टिंब अर्धा मिलिमीटरही भरत नाही. पुसताना पहिला तोच जातो. 'शिंदे' यांचे 'शिदे' होते. 'थ', 'ध', 'भ' यांच्या गाठी मिटून नुसते ठिपके होतात.

त्याहून मोठी गंमत यंत्राच्या संगणकात घडते. कोरणी यंत्रांची अनेक सॉफ्टवेअरे देवनागरी जाणत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते, जोडाक्षरांचे पाय मोडून हलन्त उघडे पडतात. 'विठ्ठल' असा काही दिसतो, की पंढरपूरच्या बडव्यांनाही ओळखू येऊ नये. उपाय सोपा आहे. मजकूर आधी मराठी नीट मांडणाऱ्या प्रणालीत तयार करायचा, त्याचे रेखाटन करून मग यंत्राला द्यायचे. पण गिऱ्हाईक घाईत, दुकानदार घाईत. मग "इंग्लिशमध्येच टाका ना" असे म्हणून प्रश्न मिटवला जातो. मी पाहिलेल्या चार दुकानांपैकी तीन ठिकाणी नमुन्याच्या फळीवर एकही मराठी नाव नव्हते. मराठीच्या अभिजात दर्जाचा आनंद आपण २०२४ साली साजरा केला. आपल्या मुलीचे नाव पेनावर तिच्या भाषेत नीट उमटावे, एवढा आग्रह धरायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

दोष कुणाचा?

मी काही यंत्राविरुद्ध नाही. हाताने कोरायचे ते सोन्यासारखे आणि यंत्राने कोरायचे ते पितळी, असे रडगाणे मला गायचे नाही. छिन्नीवाल्यांनी केलेल्या चुका आपल्या आज्यांच्या हंड्यांवर कायमच्या कोरलेल्या आहेत. लेसर जितकी बारीक आणि एकसारखी रेघ ओढतो, तितकी माणसाला साधणे अवघड. पण यंत्र जे करते ते दोन मिनिटांत संपते आणि उरलेले काम अर्धा-पाऊण तास आणि मध्ये एक रात्र मागते. त्या वेळेचे पैसे द्यायला कुणी तयार नाही.

दुकानातल्या त्या तरुणाने मला खरे तेच सांगितले. यंत्र कर्जावर घेतले आहे, हप्ता थांबत नाही. शेजारच्या गल्लीत दुसरे यंत्र आले, तसा त्याने दर उतरवला. मग यालाही उतरवावा लागला. उतरवायचा कुठून? वीज तेवढीच लागते, नळीचे आयुष्य तेवढेच. कात्री लागते ती साफसफाईला, चपडीला, वाळवण्याला. आमच्या तालुक्यांत पतसंस्था आहेत, साखर कारखाने आहेत, सोसायट्या आहेत. वार्षिक सभेला, वर्धापनदिनाला नाव कोरलेली पेने शेकड्यांनी वाटली जातात. तीन दरपत्रके मागवायची, सगळ्यांत कमी दराला काम द्यायचे, हा तिथला शिरस्ता. दरपत्रकात 'पेनावर नाव' एवढेच लिहिलेले असते. किती खोल, कशाने भरलेले, किती दिवस टिकणारे, हे कोणीच विचारत नाही. मग जो भरतच नाही, त्याचा दर सर्वांत कमी येणार, हे ओघानेच आले. चांगले काम करणारा प्रत्येक वेळी हरतो, आणि दोन-तीनदा हरला की तोही तसेच काम करायला लागतो.

या काटाकाटीत आणखी एक गोष्ट कापली जाते, तिची मला जास्त काळजी वाटते. त्या छोट्या गाळ्यात धूर बाहेर काढणारा पंखा बंद होता, "आवाज फार होतो" म्हणून. पेटीचे झाकण उघडे ठेवून पोरगा वाकून बघत होता. हा किरण डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो घातक नाही असे नव्हे. परावर्तित झाला तरी डोळ्याला इजा करतो. पीव्हीसीचा तुकडा चुकून यंत्राखाली गेला, तर हायड्रोक्लोरिक आम्लाचे धुके निघते. ते पोराची छाती खाते आणि यंत्रही गंजवते. पन्नास रुपयांत नाव कोरून घेताना ही किंमत आपण कोणाच्या अंगावर टाकतो?

काय करता येईल

तक्रार करून थांबणे सोपे आहे. मला सुचलेल्या चार गोष्टी लिहितो.

दुकानदारांनी दोन दर लावावेत, आणि ते उघड लिहावेत. एक नुसत्या कोरण्याचा, दुसरा कोरून, भरून, घासून देण्याचा. दोन्हींचा नमुना फळीवर शेजारी शेजारी ठेवावा, आणि तो सहा महिने हाताळलेला असावा. गिऱ्हाईक मूर्ख नसते, त्याला फरक दाखवावा लागतो.

गिऱ्हाइकाने पैसे देण्याआधी तीन गोष्टी कराव्यात. अंगठ्याचे नख अक्षरावरून फिरवावे. भरून, वर रोगण दिलेले अक्षर नखाला जवळजवळ लागत नाही, नुसता रंग फासलेले अक्षर अडते. ओलसर रुमालाने जोराने पुसून पाहावे. आणि नाव मोठ्याने वाचावे, प्रत्येक अनुस्वार आणि वेलांटीसकट.

संस्थांनी दरपत्रकात दोन ओळी वाढवाव्यात, कोरण्याची खोली आणि भरण्याची रीत. पेने शंभर कमी वाटली तरी चालतील. वर्षाच्या आत कोरी होणारी पाचशे पेने वाटण्यापेक्षा ते बरे.

चौथी गोष्ट आयटीआय चालवणाऱ्यांसाठी. यंत्र चालवायला शिकवणे आता अवघड राहिलेले नाही, पोरे ते चार दिवसांत शिकतात. पॉलिशपेपरचे अंक, लाख, रोगण, कोणत्या पदार्थाला कोणते द्रावण चालते आणि कोणते चालत नाही, हे ज्यांच्या हातात आहे, ती माणसे सत्तरीच्या पुढे गेली आहेत. बारामती-इंदापुरात लेथवरचे हात आहेत, लेसरची यंत्रे आहेत, आणि बाजारात पोते अंथरून बसणारे दोन-चार म्हातारे अजून आहेत. या तिघांना एका छपराखाली पंधरा दिवस बसवले, तर इथून निघालेले पेन पुण्या-मुंबईच्या शोकेसमध्ये मान वर करून बसेल. म्हातारे गेल्यावर ही योजना आखण्यात काही हशील नाही.

कोणी म्हणेल, आता लिहितो कोण? पाच रुपयांचे पेन संपले की फेकायचे, एवढ्याशा नावाचे एवढे कौतुक कशाला? मान्य आहे. सगळ्यांनी शाईचे पेन वापरावे असा माझा हट्ट नाही. पण ज्या क्षणी आपण एखाद्या वस्तूवर माणसाचे नाव घालतो, त्या क्षणी ती वस्तू फेकण्याची राहत नाही, असे आपण त्या माणसाला सांगत असतो. तो शब्द आठ महिन्यांत पुसला जाणार असेल, तर नाव न घातलेले बरे.

ताईचे पेन त्या दोघा वृद्धांनी दुरुस्त केले. खाच उथळ असल्याने वरून घासायला फारसा वाव नव्हता. शाळेच्या त्या चौकटीला पुन्हा यंत्राखाली घालायलाही मन होईना. त्यांनी दात घासायच्या जुन्या ब्रशाने काजळी काढली, सुईच्या टोकाने एकेक अक्षर थोडे खोल केले, चपडीचा हात दिला आणि पितळेचा वस्त्रगाळ भुगा अ‍ॅरल्डाइटमध्ये कालवून काडीने भरला. रात्रभर वाळवले. दुसऱ्या दिवशी घासले, रोगण दिले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. पैसे विचारले तर म्हणाले, "बाई शाळेतल्या ना? मग वहीचे पैसे द्या." शेवटी मीच अंदाजाने दिले, आणि ते कोरण्याच्या दराच्या सहापट होते. मला ते महाग वाटले नाहीत.

पेन ताईला नेऊन दिले. तिने ते उजेडात धरले, नख फिरवून पाहिले, मग चष्मा लावून अनुस्वार शोधला. तो जागेवर होता. ती काही बोलली नाही. टेबलावरची वही ओढून तिने आधी पेन चालते का ते पाहिले. माणसे पेन चालवून बघताना स्वतःचे नाव लिहितात. तिने ज्याने पेन कातले, त्या विद्यार्थ्याचे नाव लिहिले.